परके पाते, आपली मूठ

शस्त्रांचा इतिहास म्हणून जो लिहिला जातो, तो बहुधा पात्यांचा इतिहास असतो. पाते कोणत्या पोलादाचे होते, त्याला पाणी कोणी दिले, त्याच्या धारेने कोणत्या रणात कोणाचा मोड झाला, हे सारे विस्ताराने सांगण्यात येते. मुठीविषयी एखाददुसरे वाक्य येते, आणि तेही ती सोन्याची किंवा रत्नजडित असली तरच. वास्तविक हत्यार माणसाच्या हाती येते ते मुठीमुळे. मुठीवाचून पाते म्हणजे धार लावलेली लोखंडाची पट्टी. ती शत्रूच्या आधी धरणाऱ्याचाच तळहात कापील.

बिदर आणि कलबुर्गी या कर्नाटकाच्या सीमेवरील जिल्ह्यांत ही गोष्ट शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. आठवडी बाजारातून खुरप्याचे किंवा विळ्याचे नुसते पाते आणावे आणि मूठ घरी बसवावी, ही या भागातील शेतकरी घरांची जुनी रीत आहे. बाभळीचे चांगले वाळलेले लाकूड तासून हाताच्या मापाचे करतात. पात्याच्या मागची निमुळती दांडी विस्तवात लाल करून त्या लाकडात ठोकतात. लाकूड आतून जळत जाते आणि दांडीला हवी तेवढीच जागा करून देते. तोंडाशी लोखंडाचे कडे चढवले म्हणजे ते फाटत नाही. सासूच्या हाताला बसणारे खुरपे सुनेच्या हाताला बसेलच असे नाही. म्हणून पाती सारखी असली तरी घरातील मुठी सारख्या नसतात. या मुठीला शेजारचा कानडी माणूस ‘हिडी’ म्हणतो, मराठी माणूस ‘मूठ’ म्हणतो आणि दखनी बोलणारा ‘दस्ता’ म्हणतो. तलवारीच्या मुठीला मात्र फारसीत आणि उर्दूत आणखी एक नाव आहे, आणि ते नाव फार अर्थपूर्ण आहे. ते नाव ‘कब्जा’. मराठीत हा शब्द ताबा या अर्थाने रूढ झाला. मुळात जे मुठीत धरले ते कब्जात आले, असा त्याचा भाव आहे.

खुरप्याच्या बाबतीत आज दिसणारी ही रीत चारशे वर्षांपूर्वी दख्खनमध्ये तलवारीच्या बाबतीत चालू होती. फरक एवढाच की पाते गावच्या लोहाराचे नसे. ते समुद्र ओलांडून आलेले असे. अशा तलवारीला दख्खनमध्ये ‘फिरंग’ म्हणत. तिची कथा ही परके पाते आणि आपली मूठ यांची कथा आहे.

या कथेला आरंभ करण्यापूर्वी दख्खनच्या बाजाराचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. १३४७ मध्ये बहमनी राज्याची स्थापना झाली आणि कलबुर्गी ही त्याची राजधानी ठरली. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहाने राजधानी बिदरला नेली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात, वजीर महमूद गवान याच्या अमदानीत, अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला आणि घाट चढून बिदरला आला. एक घोडा विकून पैसा करावा, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. त्याच्या प्रवासवृत्तात बिदरच्या दरबारी मिरवणुकीचे वर्णन आहे. हत्तींच्या सुळ्यांना बांधलेल्या मोठ्या तलवारींचाही त्यात उल्लेख येतो. एका शेखाच्या नावाने भरणाऱ्या जत्रेविषयीही त्याने लिहिले आहे. ही जत्रा आळंदची, असे अभ्यासक मानतात. दहा दिवस चालणाऱ्या त्या बाजारात सगळ्या हिंदुस्थानातून माल येई आणि विक्रीस आलेल्या घोड्यांची संख्याच वीस हजारांपर्यंत जाई, असे निकितीन सांगतो. घोडे अरबस्तानचे, इराणचे, रेशीम परदेशचे, विकत घेणारे दख्खनचे. चौल, दाभोळ यांसारख्या बंदरांतून आलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढे आणि बिदर-कलबुर्गीच्या पेठांत उतरे. परका माल घ्यावा, तो पारखावा आणि आपल्या उपयोगाचा करावा, ही या मुलखाची सवय फिरंगी पाती येण्याच्या आधीची आहे.

या मुलखाला चांगले पोलाद ठाऊक नव्हते, म्हणून त्याने परकी पाती घेतली, अशी समजूत कोणी करून घेईल तर ती चुकीची ठरेल. स्थिती नेमकी उलट होती. बिदरच्या ईशान्येस, आजच्या तेलंगणाच्या निजामाबाद भागात, कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. तेथे आणि आसपासच्या गावांत मातीच्या मुशींतून पोलाद तयार होई. लोखंड आणि काही वनस्पतिजन्य पदार्थ मुशीत घालून तिचे तोंड मातीने बंद करीत, ती भट्टीत दीर्घकाळ तापवीत आणि मग सावकाश निवू देत. मुशीतून जी लहानशी वडी निघे, ती इराण आणि सीरियापर्यंत जाई. दमास्कसच्या नावाने जगभर गाजलेल्या लहरदार पात्यांना लागणारे पोलाद गोवळकोंड्याच्या राज्यातून येते, असे सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने लिहून ठेवले आहे. १८२० नंतरच्या वर्षांत इंग्रजांच्या मोजणीखात्यातील व्हॉयसी या शास्त्रज्ञाने कोनासमुद्रमच्या भट्ट्या पाहिल्या, तेव्हाही तेथे पोलाद खरेदी करण्यासाठी इराणी व्यापारी येऊन राहिलेले त्याला आढळले. या पोलादाला युरोपात ‘वुट्झ’ हे नाव मिळाले. ते कानडीतील ‘उक्कु’ म्हणजे पोलाद या शब्दावरून आले असावे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात.

मग ज्या मुलखाचे पोलाद दमास्कसला जात होते, त्याच मुलखाने युरोपची पाती का घ्यावीत? या प्रश्नाचे उत्तर पात्याच्या जातीत आहे. मुशीतल्या पोलादाला उत्कृष्ट धार येई, पण ते वळवणे आणि घडवणे फार कौशल्याचे काम होते. वडी लहान, घडणारे हात थोडे, आणि पाते महाग. दख्खनच्या स्वाराला मात्र हवे होते ते लांब, सरळ, पातळ आणि लवचीक पाते; घोड्यावरून दूरवर पोहोचणारे, वाकले तरी पुन्हा सरळ होणारे. असे पाते युरोपात मोठ्या संख्येने तयार होत होते. जर्मनीत वुपर नदीच्या खोऱ्यातील सोलिंगेन या गावी पंधराव्या शतकापासून तलवारीच्या कामाची शिस्तशीर वाटणी झालेली होती. पाते घडवणाऱ्यांचा संघ वेगळा, त्याला पाणी देऊन घासणाऱ्यांचा वेगळा, आणि मूठ चढवून तलवार पुरी करणाऱ्यांचा वेगळा. सहाणी नदीच्या पाण्यावर फिरत. जिनोव्हा, मिलान, टोलेडो या शहरांचीही अशीच कीर्ती होती.

१४९८ मध्ये पोर्तुगीज कालिकतला आले आणि १५१० मध्ये त्यांनी आदिलशाहीकडून गोवे घेतले. त्यानंतर युरोपची पाती दख्खनमध्ये येण्याचा मार्ग जवळचा झाला. पुढे डच आणि इंग्रज आले. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रज कंपनीच्या सुरतेच्या पत्रव्यवहारात तलवारीची पाती हा नजराण्याचा आणि विक्रीचा माल म्हणून येतो. युरोपीयांना इकडे ‘फिरंगी’ म्हणत. फ्रँक या जमातीच्या नावाचा अरबी-फारसीतून झालेला हा अपभ्रंश. त्यांच्या पात्याच्या तलवारीलाही तेच नाव पडले. जर्मन पात्याला ‘अलेमानी’ हे निराळे नावही मिळाले. सरळ, लांब पात्याच्या मराठी तलवारीला ‘धोप’ म्हणत. अनेक धोपांची पाती फिरंगी आहेत. दांडपट्ट्याच्या लांब, लवलवत्या पात्यांतही परदेशी पाती पुष्कळ आढळतात. पात्यावर कोठे धावत्या लांडग्याचा छाप असे, कोठे विळ्यासारख्या दोन दातेरी कमानी असत. लांडग्याचा छाप पासाऊ आणि सोलिंगेनचा, कमानींचा जिनोव्हाचा. पुढे इकडचे लोहारही असे छाप उठवू लागले. तेव्हा छाप दिसला म्हणजे पाते परदेशीच, असे मानणे धोक्याचे आहे. परंतु नकल व्हावी एवढी त्या छापांची पत होती, हे त्यावरून सिद्ध होते.

ही पाती पुष्कळदा मुठीवाचून येत. आणि मुठीसह आली तरी ती मूठ येथील हाताच्या कामाची नसे. युरोपातील त्या काळची तलवार पुष्कळ अंशी भोसकण्यासाठी होती. तिची मूठ सडपातळ, बोटांनी धरण्यासारखी असे. दख्खनचा स्वार मुख्यतः सपकन वार करी. त्याला पंजा घट्ट बसेल, मनगट झाकले जाईल आणि वार ओढून घेता येईल अशी मूठ हवी होती. म्हणून येथील कारागिराने परकी मूठ बाजूला ठेवली आणि आपली चढवली.

ही मूठ कशी असे, ते पाहण्यासारखे आहे. लोखंडाचा पत्रा घडवून तिचा पोकळ देह तयार करीत. पंजाच्या पुढे रुंद आडवा पत्रा असे. त्यापासून एक वाकवलेली रुंद पट्टी बोटांवरून मागे जाई आणि पंजाला पिंजऱ्यासारखे झाकी. मागे तबकडीसारखा गोल मोगरा, आणि त्यातून निघालेली एक निमुळती दांडी. मोठा वार करावयाचा असला म्हणजे दुसरा हात त्या दांडीवर ठेवता येई. तलवार म्यानात असताना तिच्यावर हात विसावताही येई. आतल्या बाजूला कापडाची किंवा मखमलीची गादी शिवलेली असे, म्हणजे घावाचा हादरा बोटांना लागू नये. सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टी म्हणजे मुठीतून पात्याच्या दोन्ही अंगांवर उतरणाऱ्या दोन लांब जिभा. परक्या पात्याची मागची दांडी दुसऱ्याच मुठीच्या मापाने केलेली. तिच्यावर सारा भार टाकणे बरोबर नव्हते. म्हणून या जिभा पाते दोन्हीकडून कवटाळीत आणि आरपार खिळ्यांनी त्याला जखडून टाकीत. काही ठिकाणी पात्याच्या पाठीवरून आधाराची एक पट्टीही जाई.

जोडण्याचे साधन साधेच होते. हिंदुस्थानी तलवारीच्या पोकळ मुठीत लाख आणि त्यात मिसळलेली विटेची किंवा वाळूची बारीक पूड भरीत. दांडी तापवून आत सारली की लाख वितळे, प्रत्येक फटीत शिरे आणि निवल्यावर दगडासारखी घट्ट होई. मूठ सैल झाली तर ती पुन्हा शेकून बसवता येई. यासाठी मोठा कारखाना लागत नसे. एक लहान शेगडी, हातोडी, कानस, सांडशी, आणि अनुभवी डोळा. घराच्या ओसरीवर होणारे हे काम होते. म्यान आणि चामड्याचे काम जिनगर करी. धार आणि झिलई शिकलगाराकडे असे. शिकलगार हे नावच झिलई या अर्थाच्या अरबी ‘सैकल’ शब्दावरून आले आहे. तलवारीचा तोल मुठीवर साधतो. पाते जड असले तर मोगरा जड करावा लागतो. नाही तर पाते हाताला पुढे ओढते. दूर देशी घडलेल्या पात्याचा तोल असा दख्खनच्या ओसरीवर ठरत होता.

मुठीला केवळ बळ नव्हते, रूपही होते. आणि येथे बिदरचे नाव घ्यावे लागते. बिदरच्या कारागिरांची मुख्य विद्या एका पदार्थात दुसरा पदार्थ बसवण्याची. सोळाव्या शतकात अली बरीदने सजवलेल्या रंगीन महालात काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे इतके नेमके बसवले आहेत की सांधा दिसत नाही. बिदरी कामातही तेच तत्त्व आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर टाकीने नक्षी कोरतात, कोरलेल्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात, आणि अखेरीस बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या मिश्रणाने ते काळे करतात. धातू काळी पडते, चांदी पांढरी राहते. तारेच्या कामाला तारकशी आणि पत्रा खोल बसवण्याला तहनिशान म्हणतात. लोखंडी मुठीवर सोने-रुपे बसवण्याच्या कामातही तहनिशान हाच शब्द चाले. बिदरी धातू ठिसूळ असल्यामुळे रणातील मुठी लोखंडाच्याच करीत. पण मानाच्या आणि दरबारी हत्यारांसाठी बिदरी मुठीही केल्या गेल्या.

या बिदरी कामातही आपल्या कथेचेच सूत्र दिसते. जस्त बाहेरचे, तांबे बाहेरचे, चांदी बाहेरची. बिदरची ती माती आणि बिदरचा तो हात. तरीही त्या वस्तूला जग बिदरी म्हणते. २००६ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले, आणि २०२३ मध्ये बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री देण्यात आली. वस्तू कोणाची, याचा निर्णय कच्चा माल कोठून आला यावर होत नाही. तिला अखेरचा आकार कोणी दिला यावर होतो, हे यावरून समजते.

आता दोन तलवारींकडे पाहावयाचे आहे. पहिली तलवार शिवछत्रपतींची म्हणून प्रसिद्ध असलेली ‘जगदंबा’. १८७५-७६ मध्ये इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानात आला असता कोल्हापूरच्या अल्पवयीन छत्रपतींकडून ती त्याला भेट देण्यात आली, आणि तेव्हापासून ती इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे. तिचे पाते सरळ, युरोपीय बनावटीचे, मूठ हिंदुस्थानी. त्या पात्यावर आय. एच. एस. ही तीन रोमन अक्षरे तीनदा उठवलेली आहेत. येशूच्या ग्रीक नावाची ही पहिली तीन अक्षरे होत. कॅथलिक मंदिरांतील वेद्यांवर, धर्मगुरूंच्या पूजावस्त्रांवर आणि येशूसंघाच्या मुद्रेवर ती आढळतात. आपले पाते पवित्र नावाखाली जावे म्हणून युरोपातील लोहारही ती पात्यावर ठोकीत. लोहाराच्या घणाखाली त्या पात्याला येशूचे नाव मिळाले, आणि दख्खनमध्ये मूठ चढल्यावर जगदंबेचे. दोन्ही नावे एकाच लोखंडाला चिकटली आहेत. पहिले नाव कानशीने घासून काढणे मुळीच कठीण नव्हते. पण ते काढावे असे कोणाला वाटले नाही. सातारच्या राजघराण्यातील ‘भवानी’ तलवारीचे पातेही जिनोव्हाचे असल्याचे ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात नमूद केले आहे.

दुसरी तलवार नागपूरच्या रघूजी भोसल्यांची. २०२५ च्या एप्रिल महिन्यात लंडनमध्ये तिचा लिलाव झाला आणि महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईस आली. पाते सरळ, एकधारी आणि युरोपीय. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या कामाने सजलेली. पात्याच्या पाठीवर मुठीजवळ देवनागरी अक्षरांत सोन्याने कोरलेला लेख आहे: ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. या चार-पाच शब्दांत किती आत्मविश्वास आहे! पाते परदेशी आहे ही गोष्ट लपवलेली नाही. उलट धन्याच्या नावापुढे आणि पदवीपुढे ‘फिरंग’ असे सोन्याने लिहून ती जाहीर केली आहे. आपल्या हातात परकी वस्तू आहे याची ज्याला लाज वाटत नाही, त्याला ती वस्तू आपलीशी झाल्याची खात्री असते.

याच तलवारीवरून एक अन्यायही लक्षात येतो. पाते घडवणाऱ्याने आपला छाप मारला. त्यामुळे तो कोणत्या गावचा हे पुष्कळ काळानंतरही शोधता येते. धन्याने आपले नाव सोन्याने कोरवून घेतले. ज्याने त्या दोघांना एकत्र जोडले, त्या मुठीवाल्याचे नाव मात्र कोठेच नाही. मुल्हेर या बागलाणातील गावाचे नाव एका घाटाला चिकटून राहिले, एवढीच काय ती त्या हातांची आठवण. बिदरच्या जुन्या कामावरही कारागिराची सही क्वचितच सापडते.

येथपर्यंतची कथा अभिमानाची झाली. परंतु तिला दुसरी बाजू आहे आणि तीही सांगितली पाहिजे. चांगले पाते विकत मिळू लागले म्हणजे ते घडवण्याची विद्या हळूहळू कमी लोकांच्या हाती राहते. कोनासमुद्रमची भट्टी व्हॉयसीने पाहिली तेव्हा चालू होती. पण एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचे स्वस्त पोलाद बाजारात आले आणि त्या भट्ट्या विझल्या. ज्या मुशीतील पोलादाचे गूढ उकलण्यासाठी युरोपातील शास्त्रज्ञ प्रयोग करीत होते, तेच करणारी गावे ओस पडत होती. रामचंद्रपंत अमात्यांनी आपल्या आज्ञापत्रात टोपीकर व्यापाऱ्यांविषयी सावध राहण्यास सांगितले आहे. इतर सावकारांसारखे ते नव्हेत, त्यांच्या व्यापारामागे त्यांचे राज्य उभे आहे, हे त्या मुत्सद्द्याने ओळखले होते. पाते विकणारा उद्या ते कोणाला विकील आणि कोणाला विकणार नाही, हे मूठ बसवणाऱ्याच्या हाती नसते. पात्याची गोष्ट एक वेळ सोडून देता येईल; तोफा आणि बंदुका यांच्या बाबतीत हेच घडले, आणि तेथे मूठ बदलून काम भागले नाही.

पुढचा क्रम दुःखद आहे. तंजावरचे मराठी राज्य १८५५ मध्ये वारसाअभावी इंग्रजांनी खालसा केले. त्या राजवाड्याच्या शस्त्रागारात परदेशी पाती आणि दक्षिणी मुठी यांचे कितीतरी नमुने होते. तुटलेल्या फिरंगी तलवारींची पाती कापून बसवलेल्या कट्यारीही होत्या. १८६० नंतरच्या वर्षांत ते शस्त्रागार मोडण्यात आले. निवडक हत्यारे मद्रासच्या संग्रहालयात गेली. बाकीची मोडीत निघाली. १८७८ च्या शस्त्रकायद्याने इंग्रजी मुलखात हत्यार बाळगणे परवान्यावर आले. तलवार भिंतीवर गेली, आणि तिच्यावर जगणारे हात रिकामे झाले. शिकलगार गावोगाव सहाण घेऊन फिरू लागला आणि कात्र्या, सुऱ्या, अडकित्ते यांना धार लावू लागला. रणात ज्याची गरज होती, तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला.

तरीही त्याची विद्या नाहीशी झाली नाही. ती लहान झाली. खुरप्यात, विळ्यात आणि घरातल्या सुरीत ती शिल्लक राहिली. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी भाषकांच्या प्रदेशात गेले, आणि बिदर, भालकी, बसवकल्याण आजच्या कर्नाटकात गेले. सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना पात्याला पाते आणि मुठीला मूठ म्हणणारी घरे आहेत. मजेची गोष्ट अशी की ज्या सोलिंगेनहून अलेमानी पाती आली, तेथेही सुरीला मूठ चढवणारे कारागीर पिढ्यान्पिढ्या आपल्या घरीच काम करीत असत. त्यांच्याही नावांचा छाप सुरीवर नसे. तो असे पाते विकणाऱ्या पेढीचा. जर्मन नदीकाठचा तो मुठीवाला आणि दख्खनच्या ओसरीवरचा हा मुठीवाला एकमेकांना कधी भेटले नाहीत. पण लाकूड कसे तासावे आणि तोल कोठे साधावा हे एकाने बोलण्याआधी दुसऱ्याला समजले असते.

या इतिहासातून दोन गोष्टी शिकाव्या. पहिली अशी की दुसऱ्याकडून चांगली वस्तू घेण्यात कमीपणा नाही. शिवछत्रपतींच्या आणि रघूजी भोसल्यांच्या तलवारींची पाती परदेशी होती म्हणून मराठ्यांचे शौर्य उणे ठरत नाही. पात्याला दिशा हात देतो, आणि हाताला पाते मूठ देते. यंत्र असो, विद्या असो, कायदा असो, बाहेरून आलेल्या गोष्टीला आपल्या हाताच्या मापाची मूठ बसवली नाही तर ती हातातून सुटते किंवा हातच कापते. दुसरी गोष्ट अशी की मूठ आपली आहे एवढ्या समाधानावर पाते घडवण्याची विद्या विसरता कामा नये. दख्खनने पहिली गोष्ट उत्तम साधली, दुसरी त्याच्या हातून निसटली. आणि त्या निसटण्याची किंमत त्याने पुढे मोजली.

संग्रहालयात एखादी फिरंग पाहण्याचा योग आला, तर पात्यावरचा छाप जरूर पाहावा. पण नजर तेथेच थांबू नये. मुठीच्या आत, जेथे गादीचे कापड विरून गेले आहे, तेथे पंजाच्या घर्षणाने लोखंड गुळगुळीत झालेले असते. तलवार कोणाची, या प्रश्नाचे उत्तर पात्यावरच्या छापाइतकेच त्या झिजलेल्या जागेतही लिहिलेले आहे.